चांगल्या घरात शिरणारा विषाणू

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्याच्या वाट्याला एक आकडा आला. 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 48 टक्के जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी व्हायच्या आतच उरकले होते. राज्याची सरासरी 22 टक्क्यांच्या आसपास असताना परभणी सगळ्या जिल्ह्यांच्या वर होती. या आकड्याची चर्चा हुंडा, दुष्काळ, ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने गाव सोडणे, वयात आलेल्या पोरीची आईबापांना वाटणारी धास्ती अशा सगळ्या अंगांनी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. एका विषाणूच्या अंगाने मात्र ती फारशी झाली नाही. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही, हा शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूंपैकी जगात सर्वाधिक आढळणारा. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या जवळजवळ प्रत्येक गाठीत तो सापडतो, आणि 2022 या एका वर्षात भारतात या कर्करोगाचे सुमारे 1,27,000 नवे रुग्ण व जवळपास 80,000 मृत्यू झाले असा अंदाज आहे. तरीही तपासणीचा विषय निघाला की ‘असले रोग चांगल्या घरच्या बायकांना होत नसतात’ हे वाक्य ठरलेले. ते वाक्य विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही. हा विषाणू पसरतो तो मुख्यतः साध्यासुध्या, रीतसर लग्न झालेल्या संसारांतून. म्हणूनच त्याला चारित्र्याच्या चौकटीत बसवले की त्याला अडवायच्या सगळ्या जागा आपल्या हातून निसटतात.

आधी तो शिरतो कसा ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. बरेचसे हातापायांवर चामखीळ आणण्यापलीकडे काही करत नाहीत. चाळीसएक प्रकार जननेंद्रियांच्या त्वचेवर राहतात, आणि त्यांतले बाराच्या आसपास कर्करोगाला कारण ठरतात. 16 आणि 18 हे दोन सर्वांत घातक. विषाणूचा एक कण 55 नॅनोमीटरचा, म्हणजे तसे अठरा-वीस हजार कण एकापुढे एक मांडले तर एक मिलिमीटर भरेल. तो रक्तातून फिरत नाही, वीर्यावरही त्याची भिस्त नाही. त्याला लागतो तो त्वचेला त्वचेचा स्पर्श आणि डोळ्यांना न दिसणारे, घर्षणाने पडलेले बारीक ओरखडे. त्या ओरखड्यांतून तो त्वचेच्या अगदी तळच्या थरातल्या पेशींपर्यंत पोचतो. आपली त्वचा भाकरीच्या चवडीसारखी आहे, फक्त इथे नवी भाकरी खालून सरकवली जाते आणि वरची वाळून निघून जाते. तळाशी जन्मलेली पेशी वर वर सरकत असताना विषाणू तिच्यात गुपचूप आपल्या प्रती काढत राहतो, आणि पेशी वर येऊन मरून गळते तेव्हा तिच्यासोबत हजारो नवे कण बाहेर पडतात. पेशी तशीही मरणारच होती. विषाणूने ती फोडली नाही, सूज आणली नाही, रक्तात पाऊल टाकले नाही. त्यामुळे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला कित्येक महिने या पाहुण्याचा पत्ताच लागत नाही. ज्याच्या अंगावर तो आहे त्यालाही ताप नाही, खाज नाही, दुखणे नाही. आणि जे जाणवतच नाही ते दुसऱ्याला देताना कोण सावध राहणार?

हा पसरतो किती सहज, हे अमेरिकेतल्या सिएटलमध्ये विद्यापीठातल्या तरुणींवर झालेल्या पाहणीवरून कळते. ज्यांचा आयुष्यात एकच जोडीदार झाला अशा मुलींपैकी साधारण 28 टक्के जणींमध्ये पहिल्या संबंधानंतर वर्षभरात एचपीव्ही सापडला. एकच जोडीदार, एकच वर्ष. याच संशोधकांनी निरोधचाही हिशेब मांडला: प्रत्येक वेळी निरोध वापरला तर मुलींमधला नवा संसर्ग सुमारे 70 टक्क्यांनी कमी होतो. हा फायदा मोठा आहे, पण पूर्ण नाही, कारण निरोधाने न झाकलेल्या त्वचेवरही विषाणू असतो. शिवाय मूल हवे असलेल्या नवविवाहित जोडप्याला निरोधाचा सल्ला देण्यात फारसा अर्थ नाही. दुसऱ्या टोकाला, सार्वजनिक संडास, टॉवेल, धाब्यावरचे पाणी यांच्यावर संशय घेणारेही असतात. विषाणूला बाहेरचे तेलकट आवरण नसल्याने तो कोरड्या पृष्ठभागावर काही काळ टिकतो आणि त्याचे अंश अशा वस्तूंवर सापडले आहेत, हे खरे. पण गर्भाशयमुखाचा संसर्ग त्या वाटेने होतो असा पुरावा मिळालेला नाही. संडासावर खापर फोडले की घरात कुणाला काही विचारावे लागत नाही, एवढीच त्या समजुतीची सोय.

आता आपल्या मराठवाड्यातला पुरावा. परभणीहून लातूर ओलांडले की धाराशिव जिल्हा लागतो. तेव्हाचे नाव उस्मानाबाद. 1999 साली तिथल्या खेड्यांचे 52 गट पाडून टाटा मेमोरियल, शेजारच्या बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी एक प्रयोग सुरू केला. बार्शीतच 1987 पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू होती, म्हणून गावोगावच्या रुग्णांचा माग ठेवणे शक्य झाले. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका यात होत्या. काही गटांत एकदाच एचपीव्हीची चाचणी केली, काहींत पॅप स्मिअर, म्हणजे पेशी खरवडून घेऊन केलेली तपासणी, काहींत आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी, आणि एका भागाला नेहमीचीच आरोग्यसेवा. निकाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. आठ वर्षांत एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात 64. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू निम्म्यावर आले. ज्यांची चाचणी निर्दोष आली त्यांच्यातली एकही बाई त्या आठ वर्षांत या कर्करोगाने दगावली नाही. (तुलनेसाठी ठेवलेल्या 31 हजारांहून अधिक बायकांना तपासणी दिलीच नाही यावर पुढे जाहीर टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते.) पण माझ्या मुद्द्याला महत्त्वाचा आकडा दुसराच आहे. चाचणी झालेल्या 27,192 बायकांपैकी 2,812 जणींमध्ये, म्हणजे दर दहा जणींत एकीमध्ये, घातक प्रकारांपैकी कुठला तरी विषाणू त्या दिवशी सापडला. या बायका शहरातल्या कुठल्या वस्तीतून निवडून आणलेल्या नव्हत्या. शेतात राबणाऱ्या, लेकरंबाळं असलेल्या, खेड्यातल्या गृहिणी होत्या. आणि ही मोजदाद एका दिवसाची. विषाणू आला आणि शरीराने परतवून लावला अशा बायका या दहा टक्क्यांत मोजल्याच गेलेल्या नाहीत. लागण झालेल्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास जणींचे शरीर दोनेक वर्षांत विषाणूला आवरते. तेव्हा संपूर्ण आयुष्याचा हिशेब धरला तर लागण होणे हाच नियम, आणि न होणे हा अपवाद.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. विषाणू शरीरसंबंधातूनच येतो ना, मग कुणीतरी कुठेतरी वाकडे पाऊल टाकलेच असणार! या तर्काची मुळे जुनी आहेत. 1842 साली इटलीतल्या व्हेरोना शहराच्या मृत्युनोंदी तपासताना रिगोनी-स्टर्न या वैद्याला दिसले, की हा कर्करोग ख्रिस्ती मठांतल्या जोगिणींमध्ये फारसा नसतो, विवाहितांमध्ये पुष्कळ असतो. निरीक्षण अचूक होते. त्यातून निघायला हवा होता तो निष्कर्ष एवढाच, की रोगाचा संबंध वैवाहिक जीवनाशी आहे. लोकांनी काढला तो निष्कर्ष मात्र बाईच्या वर्तनाचा. पुढे दीड शतकाने, 1993 मध्ये, दिल्लीतल्या संशोधकांनी आयुष्यात नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध न आलेल्या बायकांचाच अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोग झालेल्या आणि न झालेल्या बायकांमध्ये फरक होता तो त्यांच्या नवऱ्यांच्या आयुष्यात: नवऱ्याचे लग्नाआधी किंवा लग्नाबाहेर संबंध असतील तर बायकोचा धोका कित्येक पटींनी वाढत होता. स्पेनमधल्या पाहणीतही नवऱ्याच्या शिश्नावर एचपीव्ही आढळला तर बायकोच्या कर्करोगाचा धोका पाचपट दिसला. सुंता झालेल्या पुरुषांमध्ये हा विषाणू बराच कमी आढळतो, हा निष्कर्षही त्याच दिशेचा. पतिव्रता असणे बाईच्या हातात आहे. तिच्या अंगाशी येणारी साखळी केवढी लांब आहे, हे तिच्या हातात नाही. तिचा एक जोडीदार, त्याच्या आधीच्या दोन, त्यांचे आणखी कुणी, असे मोजत गेलो तर एका अंथरुणावर दिसायला दोनच माणसे असतात, विषाणूच्या दृष्टीने मात्र तिथे गर्दी असते.

मग दोष नवऱ्याचा, असे म्हणून फाइल बंद करावी का? बायकांची बाजू घेणाऱ्यांना हा सोपा मार्ग वाटतो, आणि पुरुषांच्या वागण्यावर आपल्याकडे जे मौन पाळले जाते ते पाहता त्यात न्यायाचा अंशही आहे. पण पुरावा इथेही साथ देत नाही. ब्राझील, मेक्सिको आणि अमेरिका यांतल्या हजारावर निरोगी पुरुषांच्या तपासणीत निम्म्या जणांवर एचपीव्हीचा कुठला ना कुठला प्रकार सापडला. त्यांच्याकडचे समाजजीवन वेगळे हे मान्य. परभणीच्या पुरुषांना तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्यांच्यातले बहुतेक विषाणू काही महिन्यांत आपोआप गेले, आणि आले-गेल्याची खूण पुरुषाच्या अंगावर राहिली नाही, हे सगळीकडे सारखेच. पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली मान्यताप्राप्त एचपीव्ही चाचणीही नाही. शिवाय विषाणू कधीकधी तळच्या थरात वर्षानुवर्षे दबून राहतो आणि वय वाढले, प्रतिकारशक्ती मंदावली की पुन्हा चाचणीत दिसू लागतो. चाळिशीत सापडलेला विषाणू विसाव्या वर्षीचा असू शकतो, गेल्या वर्षीचाही. तो लग्नाच्या सुरुवातीलाच आला असेल, विधुर नवऱ्याच्या पहिल्या संसारातून आला असेल, किंवा ती स्वतः विधवा होऊन दुसरेपणाला दिली गेली असेल आणि तो पहिल्या घरचा असेल. कुठलीही प्रयोगशाळा त्यावर तारीख लिहून देत नाही. बायकोच्या अहवालावरून नवऱ्याला किंवा नवऱ्याच्या वागण्यावरून बायकोला जाब विचारता येईल असा काही मजकूर त्या कागदावर नसतो.

आता परभणीच्या त्या 48 टक्क्यांकडे वळतो. गर्भाशयाच्या मुखाशी दोन तऱ्हांची अस्तरे एकमेकांना भिडतात: आतले एका थराचे, नाजूक, बाहेरचे अनेक थरांचे, निबर. वयात येताना आतले अस्तर थोडे बाहेरच्या बाजूला येते आणि हळूहळू त्याच्या जागी निबर अस्तर तयार होत जाते. या बदलाच्या पट्ट्यातच, म्हणजे पेशी भराभर वाढून रूप पालटत असतात तिथे, विषाणूला तळच्या पेशी जवळजवळ उघड्यावर मिळतात, आणि कर्करोग सुरू होतो तोही मुख्यतः याच पट्ट्यात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी हा पट्टा मोठा आणि कच्चा असतो. 16 आणि 18 हे प्रकार दोन प्रथिने बनवतात. ती पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या यंत्रणा निकामी करतात. लगाम सुटल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षे जातात. विकसनशील देशांतल्या अभ्यासांची एकत्र मांडणी 2009 मध्ये झाली, तेव्हा पहिला संबंध आणि पहिले गरोदरपण सोळाव्या वर्षी किंवा त्याआधी झालेल्या बायकांना एकविशीनंतरच्यांपेक्षा या कर्करोगाचा धोका 2.4 पट दिसला. त्या अभ्यासांतल्या बहुतेक बायकांचा पहिला संबंध लग्नातूनच आलेला होता. पोरगी ‘बिघडू नये’ म्हणून तिला लवकर उजवणारे आईबाप तिला नेमक्या त्या वयात विषाणूपुढे उभे करतात, जेव्हा तिचे शरीर त्याला अडवायला सर्वांत कमी तयार असते. गंगाखेड, पालम, जिंतूर, सोनपेठ भागांतून नवऱ्यासोबत ‘कोयता’, म्हणजे ऊसतोडीतली जोडी, म्हणून उसाच्या फडावर जाता यावे यासाठी जुळवलेल्या लग्नांत तर पोरीच्या वयाचा हिशेब आगाऊ उचलीच्या रकमेपुढे मागेच पडतो.

म्हणूनच एचपीव्हीची लस लग्नाच्या वयाशी नव्हे, शाळेच्या वयाशी जोडावी लागते. लस शरीरात आधीच असलेला विषाणू काढत नाही, येणाऱ्याला फक्त अडवते. ती 9 ते 14 या वयात, म्हणजे चौथी ते नववीच्या वर्गात असताना द्यायची. ‘लग्न ठरले की बघू’ म्हणण्याची सोय परभणीत तरी नाही. निम्म्या पोरींच्या बाबतीत तोवर उशीर झालेला असेल. या वयात लैंगिक रोगाची लस दिली तर पोरींना मोकळीक मिळाल्यासारखे होईल, हा आक्षेप अमेरिकेतही घेतला गेला होता. तिथे लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींच्या वैद्यकीय नोंदी तीन वर्षे पडताळल्या, तेव्हा गर्भधारणा, गुप्तरोगांच्या चाचण्या, गर्भनिरोधकांची मागणी यांत फरक दिसला नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 2010 मध्ये तेव्हाच्या आंध्रातले खम्मम आणि गुजरातेतले वडोदरा इथल्या लसप्रकल्पांतल्या काही मुलींच्या मृत्यूंनंतर ते प्रकल्प थांबवण्यात आले. चौकशीत मृत्यूंची कारणे सर्पदंश, बुडणे, हिवताप अशी निघाली, लसीशी त्यांचा संबंध लागला नाही. पण वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या संमतीच्या कागदांवर पालकांऐवजी भलत्यांच्याच सह्या होत्या, हेही उघड झाले, आणि संसदीय समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लोकांचा संशय अडाणीपणातून आलेला नाही. तो व्यवस्थेने स्वतःच्या वागण्याने कमावलेला आहे. शाळेत लस द्यायची तर आईबापांना समोर बसवून, काय टोचतो आणि कशासाठी, हे मराठीत सांगून सही घ्यायला पर्याय नाही.

त्या गदारोळातूनच एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. बार्शी, पुणे, मुंबई यांसह देशातल्या नऊ केंद्रांवर दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा वेगळा अभ्यास 2009 पासून चालू होता. 2010 मध्ये सरसकट थांबवाथांबवी झाली तेव्हा त्यातल्या जवळपास 5,000 मुलींना एकच डोस मिळालेला होता. संशोधकांनी त्यांना सोडून दिले नाही. लग्न झाल्यावर दीड वर्षाने किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, त्यांच्या तपासण्या केल्या. 2021 साली दहा वर्षांचा हिशेब आला: टिकून राहणाऱ्या 16 आणि 18 च्या संसर्गापासून एका डोसाने 95.4 टक्के संरक्षण दिले, तीन डोसांच्या 93.3 टक्क्यांच्या तोडीस तोड. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये एका डोसाला मान्यता दिली त्यामागच्या पुराव्यांत बार्शीच्या पंचक्रोशीतल्या मुलींचाही वाटा आहे. तुलनेसाठी घेतलेल्या, लस न मिळालेल्या नवविवाहितांमध्ये हेच विषाणू सापडत होते, आणि ते सापडत होते लग्नानंतर. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस 2023 पासून बाजारात आहे. एका डोसाने काम भागते म्हटल्यावर खर्च आणि शाळेच्या फेऱ्या दोन्ही कमी झाले.

लसीचे वय उलटून गेलेल्या बायकांसाठी उरते ती तपासणी, आणि लाजेचा फटका सर्वांत जास्त तिथेच बसतो. त्याच राष्ट्रीय पाहणीत 30 ते 49 वयाच्या भारतीय बायकांपैकी या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्केसुद्धा नव्हत्या. तपासणी अवघड आहे म्हणावे तर तसेही नाही. सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात भिजवलेला कापसाचा बोळा गर्भाशयमुखाला लावायचा, मिनिटभर थांबायचे, उजेडात पाहायचे. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा उमटतो. तो भाग लहान असेल तर शंभर अंशांपर्यंत तापवलेली बारीक सळई वीस-तीस सेकंद टेकवून तिथल्या तिथे नष्ट करता येतो, भरती व्हावे लागत नाही. एचपीव्हीच्या चाचणीला तर बाई स्वतःच आडोशाला जाऊन छोट्या ब्रशने नमुना घेऊ शकते, आणि चांगल्या प्रयोगशाळेत तो डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरतो. पुरुष डॉक्टरपुढे पाय फाकवून झोपायचे नाही, या एका कारणासाठी टाळणाऱ्या बायकांचा प्रश्न त्याने सुटतो. उलट टोकाचे भयही तितकेच महागात पडते. मराठवाड्यात ‘अंगावरून पांढरे जाते’ म्हणून दवाखान्यात गेलेल्या तिशीतल्या बायकांना कॅन्सरची भीती घालून गर्भाची पिशवी काढायला लावल्याचे प्रकार, विशेषतः बीडमध्ये, एवढे झाले, की 2019 मध्ये सरकारला आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पांढरे जाणे बहुतेक वेळा साध्या, गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या जंतुसंसर्गाचे असते. एचपीव्ही मात्र मुकाट राहतो. चाचणीत तो सापडला याचा अर्थ कर्करोग झाला असा होत नाही, आणि पिशवी काढायचे ते कारणही नव्हे. आम्ल लावून पाहायचे, काही दिसले तर तेवढा भाग जाळायचा, न दिसले तर ठरलेल्या मुदतीने पुन्हा चाचणी करायची, एवढेच काम त्या कागदाने मागितलेले असते.